राणी रंगाची वडी

क्रेनवाला घरी काही सांगायला लागला की त्याची बायको शिवणयंत्राचं चाक थांबवायची, शेवटपर्यंत नीट ऐकून घ्यायची आणि मग म्हणायची, "बरं, यातलं अर्धं वजा केलं." तिचा धाकटा भाऊ विम्याच्या कचेरीत लोकांचे दावे तपासायचा, त्यामुळे त्याचं अर्ध्यावर समाधान होत नसे. दाजींचं बोलणं फार उंचावरून येतं, खाली पोचेपर्यंत फुगतं, असं तो म्हणे. घरात चार माणसं जमली की या विनोदाला हमखास हशा मिळायचा. क्रेनवालाही हसायचा, कारण न हसून सांगतो कोणाला.

माणूस तसा लबाड नव्हता. त्याचा गुन्हा एवढाच की तो जिथे काम करायचा तिथे दुसरं कोणी जात नसे. बंदरावरच्या सगळ्यात जुन्या क्रेनच्या माथ्यावर, काचेच्या तळाच्या एका खोक्यात बसून तो जहाजातले कंटेनर उचलायचा आणि धक्क्यावर ठेवायचा. उभी हयात त्याने स्वतःच्या दोन पायांमधून खाली बघत काढली होती. मान वर करायला मिळायची ती जेवणाच्या सुट्टीत. खाली उतरून पुन्हा चढायचं तर निम्मी सुट्टी शिडीतच जाते, म्हणून डबा तो वरच खायचा. केबिनच्या मागे कठडा असलेला एक लोखंडी सज्जा होता, तिथे उभा राहून. डब्यात बायको उकडलेल्या बीटच्या चकत्या घालायची, रक्त वाढावं म्हणून. बीट त्याला अजिबात आवडत नसे, पण वरून खाली काहीही टाकायला सक्त बंदी होती, आणि चकत्या परत नेल्या तर घरी सुनावणी होती. तेव्हा खात खात तो जग बघायचा.

आणि जग तिथून काही वेगळंच दिसायचं. नदी समुद्राला मिळते तिथे भरतीच्या वेळी दोन पाणी शेजारी शेजारी वाहायची, एक दुधाच्या चहासारखं आणि एक शाईसारखं, मध्ये आखल्यासारखी रेघ. बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या छपरावर पाणी साचून चांगलं तळं झालं होतं आणि त्यात पांढरे पक्षी संसार थाटून होते. आणि सिमेंटच्या गोदामापलीकडे, घरांच्या दाटीत, त्याच्या स्वतःच्या घराची गच्ची दिसायची. दुपारी बायको कपडे वाळत घालायला वर येते तेव्हा आपण तिला रोज हात करतो, असं त्याचं म्हणणं होतं.

या शेवटच्या गोष्टीला घरात सगळ्यात कमी भाव होता. गच्चीवरून क्रेनची टोकं दिसायची हे खरं, पण काड्यापेटीतल्या काड्यांएवढी. त्यातली नवऱ्याची काडी कोणती हेही बायकोला सांगता आलं नसतं. त्या अंतरावरून याला गच्ची ओळखू येते म्हणे, डोंबल. तो सांगायचा, निळ्या टाकीवरून ओळखतो. ती म्हणायची, निम्म्या गावाच्या टाक्या निळ्या आहेत. एकदा तिने विचारलंच, काल मी काय वाळत घातलं होतं? पांढरं काहीतरी, तो म्हणाला. पांढरं काहीतरी सगळ्यांच्याच गच्चीवर असतं, ती म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. बाई रागावली नव्हती. नवरा गोड बोलून आपल्याला गुंडाळतोय, आणि गुंडाळतोय तर गुंडाळू दे, अशा समजुतीने तिने इतकी वर्षं काढली होती. क्रेनवाल्याला मात्र ही समजूत आतून टोचायची. इतकी वर्षं रोज खरोखरीचा हात केला, आणि तो गोड बोलण्याच्या खात्यात जमा झाला.

मग बंदरावर बातमी आली की पुढच्या महिन्यापासून वर कोणी चढायचं नाही. क्रेन आता खालच्या थंडगार खोलीत बसून, कॅमेऱ्यांचे पडदे बघून चालवायच्या. सोबतचे सगळे खूश झाले, कारण सगळ्यांचे गुडघे एकाच वयाचे होते. क्रेनवाल्याचा तर एक गुडघा कापून शिवलेला होता. त्यानेही खूश व्हायला हवं होतं. पण संध्याकाळी घरी आला, ताटावर बसला आणि हातातला घास परत ताटात ठेवला.

"मी सांगायचो ते आता मलासुद्धा दिसणार नाही," तो म्हणाला. "मग ते होतं की नव्हतं?"

त्या दिवशी बायकोने काहीच वजा केलं नाही.

फोटोची सोय नव्हती. मोबाइल खालच्या कपाटात कुलूपबंद करूनच शिडीला हात लावायचा, असा नियम होता. राहता राहिलं चित्र. चित्रं तो काढायचा. गुडघ्याच्या दुखण्यात खाटेवर पडल्या पडल्या त्याला हा नाद लागला होता. सगळ्यांनी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस, पण नाद टिकला. मात्र सगळी चित्रं घरातली, ट्यूबलाइटखालची, बायकोच्या बशांमध्ये रंग कालवून काढलेली. आणि एक गोष्ट बायकोही मान्य करायची, की बोलताना फुगवणारा हा माणूस चित्रात काडीचंही फुगवत नाही. तिच्या आवडत्या किटलीचं चित्र काढलं तर त्याने तोटीचा उडालेला टवकासुद्धा काढला. तेवढा सोडला असता तर काय बिघडलं असतं, तिने विचारलं होतं. आहे ना पण, एवढंच तो म्हणाला होता.

वर चित्र काढायला बंदरावरचे सुरक्षेचे साहेब परवानगी देतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं आणि अट घातली. जेवणाच्या सुट्टीत, क्रेन उभी असताना, आणि वर सुटं काहीही नको. डबी, ब्रश, कागद, जे असेल ते दोरीने अंगाला बांधलेलं. शिडी चढताना दोन्ही हात रिकामे. वरून पडलेला ब्रशही खालच्याच्या डोक्यात भोक पाडतो, मग तो चित्रकाराचा का असेना, असं साहेब म्हणाले. बशा, बरण्या आणि पाण्याचा पेला घेऊन शिडी चढता येत नाही हे उघडच होतं. आता अशी रंगपेटी हवी होती जी खिशात मावेल, उभ्याने एका हातात धरता येईल, आणि कशीही उलटीपालटी झाली तरी पोटातलं सोडणार नाही.

रंगांच्या दुकानात बायको बरोबर गेली. नवऱ्याला एकट्याला खरेदीला पाठवलं की तो मजबूत वस्तू आणतो आणि कामाची विसरतो, हा तिचा अनुभव होता. दुकानवाली ताई मनमिळाऊ होती. बाहेर जाऊन चित्रं काढायचीत म्हणता तिने आधी एक देखणी लाकडी पेटी काढली. कप्पे, खण, ट्यूब, पितळी कड्या, पेटी कसली, सबंध संसार होता. क्रेनवाल्याने खिशातून सुतळी काढली, पेटीच्या कडीला बांधली आणि पेटी हवेत टांगली. पेटी एका अंगाला कलली, खण सरकन बाहेर आला आणि दोन ट्यूब काउंटरवर घरंगळल्या.

"काका, ही बसून वापरायची असते," ताई म्हणाली.

"बसायची सोय नाही, ताई. वजन मधोमध नाही हिचं."

बायकोने कपाळाला हात लावला. माणूस रंग घ्यायला आला होता आणि रंगाकडे बघायचं सोडून बोजा तोलत होता. पण त्याचंही काय चुकलं? ज्याने आयुष्यभर बोजे टांगले तो दुसरं काय बघणार. पुढची प्लास्टिकची पेटी छत्तीस रंगांची होती, लहान मुलाच्या वाढदिवसाला न्यावी अशी. ती त्याने सुतळीला बांधून काउंटरवर उलटी धरली आणि झटका दिला. झाकण एकीकडे गेलं, वड्या दुसरीकडे. दुकानात वही घ्यायला आलेली एक बाई दोन पावलं मागे सरली. ताईने वड्या गोळा केल्या, आणि मग तिच्या ध्यानात आलं की या गिऱ्हाइकाला काय हवंय ते. ती आत गेली आणि तळहाताएवढी पत्र्याची एक डबी घेऊन आली.

डबी बाहेरून काळी आणि आतून पांढरीशुभ्र होती. झाकण उघडलं की त्याचाच रंग कालवायचा पाट व्हायचा. आत रंगाच्या बारा वड्या, एकेक बोटाच्या नखाएवढी, पण आपापल्या खाचेत घट्ट बसलेली. आणि तळाला एक कडी होती, अंगठा घालायला. क्रेनवाल्याने कडीत सुतळी ओवली. डबी ओळंब्यासारखी सरळ लोंबली. उलटी केली, झटकली, आणखी झटकली. काही पडलं नाही. मग ताईने दांड्यातच पाणी भरायचा ब्रश दाखवला, दाबला की टोकाला पाणी येणारा. पेल्याचाही प्रश्न मिटला. क्रेनवाल्याच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की बायकोला त्यांच्या साखरपुड्याचा दिवस आठवला, आणि तेव्हा हा माणूस इतका खूश नव्हता हेही आठवलं.

इथेच थांबला असता तर बरं होतं. पण ताई म्हणाली की वड्या हव्या तशा बदलून मिळतील, आणि मग या गृहस्थाने डबीतल्या एकेका रंगाला, तुझं बंदरावर काम काय, असं विचारायला सुरुवात केली. पिवळा? क्रेनचे हात पिवळे, तो राहील. तपकिरी म्हणजे गंज, लाखमोलाचा. निळे दोन्ही हवेत, पाणी दोन तऱ्हेचं आहे. असं करत करत तो राणी रंगाच्या वडीशी आला आणि ती त्याने नखाने उचकटून काउंटरवर ठेवली. हिच्या जागी आणखी एक करडा द्या, म्हणाला.

"ती ठेवा, काका. लाल आणि निळा कालवून हा रंग होत नाही. तुमच्या लालात तर नाहीच नाही, तो विटकरी आहे."

"बंदरावर राणी रंगाचं काय असतं, ताई? मी उभा जन्म तिथे काढलाय. गंज असतो, शेवाळ असतं, धूर असतो."

"असू दे की," बायको म्हणाली. "एवढीशी तर वडी."

"नको असलेला बोजा उचलायचा नाही. कामाचा पहिला नियम आहे आमच्या."

बायकोने ती वडी तळहातावर घेतली, उजेडात धरून थोडा वेळ बघितली आणि ताईला परत दिली. आपली बायको वाद अर्ध्यावर सोडून गप्प बसली की काहीतरी शिजतंय, हे त्याला एव्हाना कळायला हवं होतं. पण त्याचं सगळं लक्ष डबीत होतं.

घरी माळ्याच्या शिडीवर रंगीत तालीम झाली. गळ्यात डबी, मनगटाला ब्रश, पाठीला कागद लावलेली फळी, सगळं बायकोच्या पडद्यांच्या दोरीने बांधलेलं. बायको खाली शिडी धरून उभी. वर जाऊन त्याने एका हाताच्या अंगठ्यावर डबी घेतली, फळी पोटाला टेकवली आणि माळ्यावरच्या जुन्या पंख्याचं चित्र काढायला लागला. मेव्हणा तेवढ्यात आला, त्याने हे ध्यान पाहिलं आणि विचारलं की दाजी, चित्रकार व्हायचं ठरलंय की चालतंफिरतं दुकान? पण दोरी आणि डबी दोघींनी काम चोख केलं. दुसऱ्या दिवशी सुरक्षेच्या साहेबांनी एकेक गाठ ओढून पाहिली, कागदाचे चिमटेसुद्धा, आणि मान हलवली.

पहिलं चित्र फसलं. वरचा वारा रंग ब्रशवरच वाळवायचा, आणि दोन पाणी काढायला गेला तर ओला तपकिरी ओल्या निळ्यात घुसून कागदावर नुसता चिखल झाला. मेव्हण्याला हेच तर हवं होतं, एकच मळकट पाणी. दुसऱ्या वेळी त्याने अक्कल वापरली. आधी चहाचं पाणी काढलं, मग शाईचं, आणि दोघांच्या मध्ये दोऱ्याएवढी कोरडी जागा सोडली. ओलं ओल्याला भेटलंच नाही. कागद वाळला तेव्हा ती रेघ जशीच्या तशी उभी होती, पांढरी, तलम, मान वर केली तर पाण्यात आणि खाली बघितलं तर कागदावर. क्रेनवाला त्या उंचीवर एकटाच मोठ्याने हसला. ऐकायला कोणी नव्हतं, त्यामुळे चांगलं पोटभर हसून घेतलं. मग सिनेमागृह आलं, तळं आलं, पक्ष्यांसाठी त्याने कागद तसाच पांढरा सोडला. सुट्ट्यांमागून सुट्ट्या चित्र पुढे सरकत गेलं, आणि डबी इतकी हाताची झाली की तिच्यातल्या वड्या तो न बघता शोधायला लागला.

शेवटी राहिली गच्ची. मुद्दामच शेवटी ठेवली होती, आणि उद्या गच्ची काढणार असं आदल्या रात्री घरी सांगितलंही होतं. डब्यातली पोळी संपवून त्याने ब्रश घेतला, गोदामाच्या पलीकडे निळी टाकी शोधली, आणि टाकीच्या शेजारी त्याला एक राणी रंगाचा चौकोन दिसला.

त्याने डोळे चोळले. पुन्हा बघितलं. आपलीच टाकी, आपलीच गच्ची, आणि दोरीवर पसरलेला चांगला मोठा, झगझगीत राणी रंग. सगळ्या करड्या-तपकिरी गावात तेवढा एकच. शेजारी काळी काडीसारखी कोणीतरी उभी होती, आणि त्या काडीचं वरचं टोक हलत होतं.

त्याच्या माहितीत घरात त्या रंगाची वस्तू नव्हती. बायको असले रंग नेसत नसे, चादरी सगळ्या पांढऱ्या. कोण्या शेजारणीने काही वाळत घातलं असेल. पण हे चित्रात काढलं तर काय होणार ते त्याला लख्ख दिसलं. बायको चष्मा लावणार, बोट ठेवणार आणि म्हणणार, हे काय, आपल्याकडे असलं काही आहे का? मेव्हणा म्हणणार, बघा, चित्रातही फुगवलं. एवढ्या एका ठिपक्यापायी रेघ, तळं, पक्षी, सगळंच थापेत जमा होणार. आणि सोडून दिला तर कोणाला कळणार होतं? नेहमीसारखं पांढरं काहीतरी काढावं, कागद तर पांढराच होता. शिवाय रंगही नव्हता. हौसेने डबीबाहेर काढला होता, स्वतःच्या नखाने.

तेवढ्यात खालून सुट्टी संपत आल्याची पहिली शिट्टी झाली.

आहे ना पण, तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने विटकरी लाल आणि निळा झाकणात कालवला. ताई म्हणाली होती तेच झालं, वांग्याच्या सालीसारखा मेलेला रंग. पाणी घातलं, पिवळा घातला, आणखी बिघडलं. रुमालाने झाकण पुसताना त्याची नजर उघड्या डब्याकडे गेली. एका कोपऱ्यात बीटच्या चकत्या, रोजच्यासारख्या शेवटी खायला ठेवलेल्या, आणि त्यांच्या खाली साचलेला रस. त्याने ब्रश त्यात बुडवला आणि कागदाच्या कडेला एक रेघ ओढून पाहिली. रेघ राणी रंगाची उमटली. जन्मात पहिल्यांदा त्याला बीट आवडलं.

चौकोन एका फटक्यात उतरला. शेजारी काळ्याने ती काडी काढली आणि वरच्या टोकाला, हललं होतं तिथे, तिरका एक बारीकसा फटकारा दिला. दुसरी शिट्टी झाली तेव्हा तो डबी मिटत होता. त्या दिवशी हात करायचा राहून गेला, हे त्याला निम्मी शिडी उतरल्यावर आठवलं.

संध्याकाळी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, आज काय वाळत घातलं होतंस? नेहमीचंच, बायको म्हणाली आणि यंत्राचं चाक फिरवलं. पण कागदावरचा ठिपका त्याने पुसला नाही.

रविवारी मेव्हणा जेवायला आला. जेवणं झाल्यावर क्रेनवाल्याने चित्र टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला, साहेबापुढे उभं राहावं तसा. बायकोचं बोट त्या पांढऱ्या रेघेवरून नदीच्या मुखापासून पार समुद्रात गेलं आणि परत आलं. तळ्यापाशी ती थांबली, पक्षी बघितले. मेव्हणाही वाकून बघत होता, आणि दावे तपासायची सवय काही जात नाही. थोड्याच वेळात त्याचं बोट गच्चीवर आलं.

"दाजी, ही तुमची गच्ची ना? मग हे गुलाबी लुगडं कोणाचं?"

"काय होतं ते मला माहीत नाही," क्रेनवाला म्हणाला. "पण होतं. दिसलं म्हणून काढलं. तुम्हाला यातलं वजा करायचं तेवढं करा, हा ठिपका मी पुसणार नाही."

मेव्हण्याने हसत बहिणीकडे बघितलं, नेहमीच्या हशाची वाट बघत. पण ती जागेवर नव्हती. ती आतल्या खोलीत गेली होती, आणि आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर घडी केलेलं कापड होतं. तिने ते टेबलावर, चित्राच्या शेजारी उलगडलं. तो पडदा होता, राणी रंगाचा. एका गिऱ्हाइकाने भडक म्हणून परत केलेला. कपाटाच्या तळाशी इतके दिवस पडून होता.

"मी घातला होता," ती म्हणाली. "यांनी दुकानात तो रंग डबीतून काढून टाकला ना, तेव्हाच ठरवलं. म्हटलं, जो रंग डबीतच नाही तो आता मनाने काढून दाखवा."

मेव्हण्याने पडदा बघितला, ठिपका बघितला. आयुष्यात बरेच खोटे दावे पकडलेल्या त्या माणसापुढे आज खरा दावा आला होता. शेवटी तो पाणी प्यायला उठला आणि जाता जाता दाजींच्या पाठीवर हात ठेवून गेला. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

बायको अजून चित्राकडेच बघत होती. चष्मा काढून तिने पदराने पुसला आणि परत लावला.

"त्या दिवशी हात केलात?"

"नाही," तो म्हणाला. इतक्या वर्षांत नेमका हाच दिवस चुकला होता. "एका हातात डबी, एका हातात ब्रश."

"मी केला होता," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

क्रेनवाल्याने बोट पुढे केलं आणि चौकोनाशेजारची काळी काडी दाखवली, आणि काडीच्या टोकाचा तो तिरका फटकारा. बायकोने तो बघितला. मग तिने सबंध पडदा तोंडाशी धरला आणि रडली, अगदी मोकळी, भावासमोर, आणि रडता रडता हसायलाही लागली. म्हणाली, इतकी वर्षं तुम्ही एकटेच हात करत होतात, आणि मी खाली अर्धं वजा करत बसले होते. क्रेनवाला छाती काढून उभा होता. जहाज एकट्याने उचलून धक्क्यावर ठेवल्यासारखं त्याला वाटत होतं, आणि यातलं काही वजा करायची कोणाची टाप नव्हती.

चित्र आता शिवणयंत्राच्या वर टांगलेलं आहे. बीटचा रंग उडून ठिपका तपकिरी झालाय. गोष्ट ऐकून दुकानवाल्या ताईने ती वडी परत आणून दिली, तरी बायको त्या ठिपक्याला हात लावू देत नाही. आलेल्या प्रत्येकाला ती आधी पडदा दाखवते, मग ठिपका, आणि मग सगळी गोष्ट सांगते. मेव्हणा म्हणतो की आपल्या बहिणीचं सांगणं हल्ली फार फुगायला लागलंय.

वर चढायच्या शेवटच्या दिवशी क्रेनवाला सज्ज्यावर आला तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. गोदामापलीकडे, निळ्या टाकीशेजारी राणी रंग नुसता पसरलेला नव्हता, हलत होता. बायको दोन टोकं धरून सबंध पडदा झटकत होती. डबी गळ्यातल्या दोरीला सरळ लोंबत होती, ब्रश मनगटाला बांधलेला होता, आणि त्याचे दोन्ही हात रिकामे होते. त्याने ते डोक्यावर उचलले आणि सुट्टी संपल्याची शिट्टी होईपर्यंत खाली घेतले नाहीत.